मदत हवी आहे: सतरा अंकी संख्या हर्षद आहे का?

शेवंती
लेकीचा गणिताचा तक्ता उद्या सकाळी द्यायचाय. बाईंनी दिलेली सतरा अंकी संख्या हर्षद आहे असं दाखवायचंय. अंकांची बेरीज ७८ येते. कागदावर भाग दिला, पान भरलं, बाकी ५४ उरते. दोनदा केलं. बाई चुकल्या की आम्ही? लवकर सांगा.

पाटीपेन्सिल
अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती हर्षद. १८ घ्या, १+८=९, भाग जातो.

शेवंती
व्याख्या माहीत आहे हो, तेच करतेय.

कोयरी
ताई, संख्या तर सांगा!

शेवंती
१२३४५६७८९८७६५४३००

कोयरी
शेवटची शून्यं बाईंनीच दिलीत? नऊपर्यंत चढून परत उतरतेय, म्हणजे ३ नंतर २१ हवं. तुमची बेरीजही बरोबर ३ नेच कमी पडतेय. कुठून उतरवलीत?

शेवंती
लेकीने एक्सेलमध्ये टाकली होती, तिथे १.२३ वगैरे दिसत होतं म्हणून वरच्या पट्टीतून घेतली. वही बघते… वहीत २१ आहे!!

रात्रपाळी
एक्सेल पंधराच अंक धरतं, पुढे शून्यं भरतं. ब्राउझरच्या कन्सोलमध्येही शेवट ३२० होतो. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घ्या, पूर्ण आकडा राहतो.

पाटीपेन्सिल
शाळेच्या तक्त्याला पायथॉन कशाला? ही १११११११११ चा वर्ग आहे. नऊ एकांची बेरीज ९, म्हणजे तिला ९ ने भाग जातो, म्हणून वर्गाला ८१ ने. आता अंक: १ ते ८ दोनदा म्हणजे ७२, मधला ९, झाले ८१. भागाकार मांडायचीही गरज नाही.

रात्रपाळी
ही सोपी निघाली म्हणून. अवयव पाडायला सांगितले तर? ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे हे हाताने दाखवा.

पाटीपेन्सिल
ते विचारलंय कुणी? पण घातांक दिलेत तर प्रत्येकात १ मिळवून गुणलं की विभाजक मोजता येतात: ५×३×३=४५. पूर्ण वर्ग असल्याने विषमच येणार. हे तक्त्यावर घाला, ताई.

परार्ध
लीलावती या जुन्या गणितग्रंथातल्या स्थानांच्या नावांनी वाचायची तर १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म… मधला ९ अर्बुदाच्या जागी येतो.

नाशिककर
हर्षद हे नाव देवळालीच्या कापरेकर गुरुजींचं, हर्ष देणारी म्हणून. आणि ही संख्या त्यांच्याच डेम्लो संख्यांपैकी. १२१, १२३२१ याच माळेतल्या. शाळेत शिकवता शिकवता हे सगळं शोधलं त्यांनी, तक्त्यावर त्यांचं नाव हवंच.

कोयरी
डेम्लो हे तेव्हाच्या स्टेशनचं नाव, आताचं डोंबिवली. मी रोज तिथूनच गाडी पकडते!

शेवंती
तरी भागून पाहिलं. १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य! लेक उड्या मारतेय. ती विचारतेय, डेम्लोतला ‘डे’ ऱ्हस्व की दीर्घ?

पाटीपेन्सिल
एकारान्ताला ऱ्हस्व-दीर्घ नसतं, सरळ एक मात्रा द्या.