अनुभव धागा : एलेनव्हिलमध्ये घडलेला एलबी७

न्यू यॉर्क राज्यातील एलेनव्हिल या गावी श्रेड कंपनीच्या कारखान्यात तयार झालेला ‘अंकल हेन्री’ मालिकेतील एलबी७ हा घडीचा चाकू ज्यांच्याकडे आहे किंवा होता, किंवा ज्यांनी तो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात पाहिला आहे, त्यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, अशी विनंती करण्यासाठी हा धागा सुरू करीत आहे.

मिटलेल्या अवस्थेत पाच इंच लांबीचा, दोन्ही टोकांना पितळेच्या जाड शेंब्या आणि मधे रेझिन जिरवून दाबलेले तांबूस लाकूड असलेला हा चाकू खिशात ठेवण्यापेक्षा कमरेच्या चामडी म्यानात वागवण्याचाच आहे. हातात घेतल्यावर तो पावशेराच्या आसपास भरेल असे वाटते. श्रेड बंधूंनी १९०४ साली न्यू यॉर्क राज्यातल्याच वॉल्डन येथे सुरू केलेली ही कंपनी १९४६ मध्ये बेअर बंधूंच्या समूहाकडे आली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिचे काम एलेनव्हिलला हलले. त्या बंधूंपैकी हेन्री बेअर यांच्यावरून ‘अंकल हेन्री’ हे नाव पडले. जुलै २००४ च्या अखेरीस कारखाना एकाएकी बंद झाला, सुमारे २५० माणसांचे काम गेले आणि कंपनीची नावे दुसऱ्या उद्योगाने विकत घेतली. एलबी७ हे नाव पुढे चीनमध्ये बनलेल्या चाकूंवरही आले. परंतु या धाग्याचा विषय असलेला चाकू २००४ साली संपला.

माझा चाकू मी १९९६ साली पेनसिल्व्हेनियात शिकत असताना घेतला. पहिल्या वर्षी घेतलेल्या वस्तूंपैकी आज तेवढीच एक माझ्याजवळ आहे आणि तीही रोजच्या वापरात आहे. आपल्याकडे तो कसा आला, त्याने काय काय कापले, धार आणि खटका कसा राखता, हे लिहावे. किमतीची चर्चा मात्र येथे नको.

एडिसन, न्यू जर्सी

गणेशपुरीशी आमच्या घराचा जुना संबंध असल्यामुळे १९९० च्या दशकातील उन्हाळ्यांत मी एलेनव्हिलजवळच्या साउथ फॉल्सबर्ग येथील सिद्धयोग आश्रमात सेवेसाठी जात असे. माझ्याकडे स्वयंपाकघराच्या कोठीचे काम होते. दिवसभर खोकी फोडायची, पोत्यांचे टाके उसवायचे, भाजीच्या पेट्यांवरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापायच्या, आणि हे सर्व मी भाजी चिरण्याच्या सुरीने करीत असे, त्यामुळे तिचे टोक दर आठवड्याला मोडत असे. भाजी घेऊन येणाऱ्या वयस्कर गृहस्थांनी ते पाहिले आणि काही न बोलता कमरेच्या म्यानातून आपला चाकू काढून माझ्यापुढे धरला. त्यांच्या घरातली दोन माणसे एलेनव्हिलच्या कारखान्यात कामाला होती. नखाच्या खाचेत नख घालून पाते उघडायचे, ते पूर्ण उघडल्याचा ‘टक्’ असा आवाज कानांनी ऐकल्याखेरीज कापायला सुरुवात करायची नाही, आणि मिटताना पात्याच्या वाटेत एकही बोट ठेवायचे नाही, हे तीन नियम त्यांनी मला स्वतः करून दाखवले. त्याच शनिवारी मी एलेनव्हिलच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून माझा एलबी७ घेतला.

दुकानदाराने पितळी शेंबीवर कोरलेला अनुक्रमांक मला दाखवला आणि तो घरी लिहून ठेवायला सांगितले. त्या आकड्यामुळे मला तो चाकू इतरांपेक्षा वेगळा, माझ्या एकट्याचा वाटू लागला, हे आजही आठवते. ज्या गावात वस्तू घडते त्याच गावात ती विकत घेण्याचा योग मला तोवर आलेला नव्हता.

कारखाना बंद झाल्याची बातमी मला दोन महिन्यांनी कळली. त्या ऑक्टोबरमध्ये मी ५२ क्रमांकाच्या रस्त्याने वूडबोर्नवरून एलेनव्हिलला गेलो. तोच रस्ता पुढे शावनगंक डोंगर ओलांडून वॉल्डनला जातो. म्हणजे कंपनी जिथे जन्मली आणि जिथे संपली, ती दोन्ही गावे एकाच रस्त्यावर आहेत. पानगळीचे दिवस होते आणि डोंगर लाल-पिवळा झाला होता. गावातील ज्या उपाहारगृहात पूर्वी पाळी सुटल्यावर बसायला जागा मिळत नसे, तेथे त्या दुपारी तीनच माणसे बसली होती. मी माझा चाकू म्यानात घालून गेलो होतो. पैसे घेणाऱ्या बाईंची नजर म्यानाकडे गेली, त्यांनी तो पाहायला मागितला, उघडला, एकदा मिटला आणि म्हणाल्या की, या चाकूंना चकाकी देणाऱ्या यंत्रावर माझी बहीण बसत होती. मला उत्तर सुचले नाही. घरी परतल्यावर मी आणखी एक न वापरलेला एलबी७ शोधून घेतला आणि तो तसाच ठेवला आहे.

रत्नागिरी

मी व्यापारी जहाजांवर अनेक वर्षे सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून काम केले. एलबी७ मी बाल्टिमोर बंदरात घेतला. खरे सांगायचे तर दोर कापण्यासाठी सरळ धारेचे, बोथट टोकाचे पाते अधिक चांगले, आणि एलबी७ चे पाते पुढे निमुळते होत टोकदार होते. त्यामुळे डोलणाऱ्या डेकवर त्याचे टोक सांभाळावे लागते. तरीही जाड नायलॉनच्या दोरावर जोर देताना मागे ढळणार नाही असा दुसरा घडीचा चाकू मला मिळाला नाही. पाते स्टेनलेसचे असल्याने खाऱ्या हवेत त्याला फारसा गंज चढला नाही, मात्र पितळेवर हिरवा कळंक सतत येई. चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि समुद्राची ओल मिळून तो कळंक वाढतो, म्हणून चाकू कधीही म्यानात साठवून ठेवू नये. कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवावा आणि म्यान वेगळे ठेवावे. पितळ उजळायला चिंच लावणाऱ्यांनी ती लाकडाच्या सांध्यात जाऊ देऊ नये. मी लावली आणि तेथे पडलेली काळी रेघ अजून गेलेली नाही.

कोल्हापूर

माझा व्यवसाय साचे आणि हत्यारे बनवण्याचा असल्यामुळे मला या चाकूचा लोभ जडला तो त्याच्या खटक्यामुळे. आपल्याकडच्या साध्या घडीच्या चाकूत मागची कमान पात्याच्या बुंध्यावर केवळ दाब देते. जोर उलटा पडला की पाते बोटांवर मिटते. एलबी७ मध्ये मुठीच्या पाठीवर मधोमध खिळीवर तोललेली एक पोलादी पट्टी असते. कमान तिचे मागचे टोक वर रेटते, त्यामुळे पुढचे टोक खाली दबते, आणि पाते पूर्ण उघडले की पट्टीचा दात त्याच्या बुंध्यातील खाचेत नेमका बसतो. मागचे टोक अंगठ्याने दाबल्याशिवाय तो दात उचलला जात नाही. ही रचना श्रेडची नव्हे. १९६४ मध्ये आलेल्या बक कंपनीच्या ११० या चाकूने ती अमेरिकेत घरोघरी पोहोचवली आणि एलबी७ त्यानंतरच्या दशकात त्याच वाटेने आला. परंतु माझ्याकडच्या चाकूत दात आणि खाच यांचा मेळ इतका नीट आहे की, भिंगातून पाहिले तरी फट दिसत नाही. असा मेळ साधायला यंत्राइतकाच घासणाऱ्या माणसाचा हात लागतो, हे मी माझ्या कामावरून सांगू शकतो.

खटका न बसण्याची तक्रार ज्यांची असेल, त्यांनी आधी खाचेत पाहावे. खिशातले सुताचे तंतू आणि धूळ तेथे दाबून बसते आणि दात पूर्ण खाली जात नाही. बांबूच्या टोकदार काडीने ती खाच साफ करावी, खिळीवर यंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडावा आणि जादाचे तेल पुसून घ्यावे. पात्याने डबे उचकटू नयेत. त्यामुळे खीळ सैल होते, आणि एकदा सैल झालेली खीळ घरी दुरुस्त होत नाही.

धारेविषयी थोडे. पाते ४४०ए या पोलादाचे आहे. त्यात कार्बन साधारण ०.६५ ते ०.७५ टक्के आणि क्रोमियम १६ ते १८ टक्के असते. आजच्या महागड्या पोलादांच्या तुलनेत त्याची धार लवकर उतरते, हे मान्य केले पाहिजे. पण ती साध्या निसण्यावर, पाणी शिंपडत, दोन्ही बाजूंनी सारख्या कोनात दहा-बारा वेळा ओढली की परत येते. ज्याची धार मला माझ्या घरी, माझ्या हाताने लावता येते तेच हत्यार मला जवळचे वाटते.

नाशिक

माझ्याकडे होता. २०११ साली परतीच्या प्रवासात तो हातातल्या पिशवीत राहिला. विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत तो निघाला, तोवर मोठे सामान आत गेलेले होते, आणि चाकू तेथेच सोडून यावे लागले. नियम योग्यच आहे, चूक माझी होती. पंधरा वर्षे जवळ असलेला तो चाकू टेबलावरच्या डब्यात पडल्याचा आवाज मी विसरू शकत नाही. त्यानंतर नव्या बनावटीचा घेऊन पाहिला; तो कामाला उपयोगी आहे, पण तो मी कोणाला दिला तर मला काही वाटणार नाही.

अ‍ॅन आर्बर, मिशिगन

आमच्याकडचा एलबी७ माझ्या सासऱ्यांचा. ते १९७० च्या दशकात येथे अभियंता म्हणून आले आणि पहिल्या नोकरीतील सहकाऱ्यांनी निरोपाच्या वेळी त्यांना तो भेट दिला. त्यांनी ना कधी शिकार केली, ना कधी मासे पकडले. त्यांचा चाकू चाले तो भाद्रपदात. गणपतीचे मखर ते स्वतः पुठ्ठ्याचे करीत. फ्रीजची, धुलाई यंत्राची मोठी खोकी वर्षभर तळघरात जपून ठेवलेली असत. जाड दुहेरी पुठ्ठ्यावर पोलादी पट्टी ठेवून ते एका ओढीत कमानी कापायचे आणि पुठ्ठ्याची कड कुठेही फाटत नसे. दर दोन कमानींनंतर हात थांबवून ते पाते चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर घासत. माझ्या मुलाने दहाव्या वर्षी चाकू हातात मागितला, तेव्हा त्यांनी आधी आठवडाभर त्याच्याकडून फक्त उघडणे आणि मिटणे करून घेतले.

ते गेल्यावर त्यांच्या टेबलाच्या खणात मूळ खोके सापडले आणि त्यात नोंदणीचे कार्ड होते. अंकल हेन्री चाकू नोंदवून ठेवल्यास वर्षाच्या आत हरवला तरी कंपनी दुसरा देत असे, अशी ती हमी होती. कार्डावर नाव-पत्ता सासऱ्यांच्या टपोऱ्या अक्षरात भरलेला होता, पण त्यांनी ते टपालात टाकलेच नव्हते. सासूबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, तो कधी त्यांच्यापासून दूर गेला असता तर ना!” मुठीच्या उजव्या बाजूचे लाकूड त्यांच्या अंगठ्याखाली इतके झिजले आहे की, डावखुऱ्या माझ्या मुलाच्या हातात तो नीट बसत नाही. तरीही मखर आता तोच कापतो.

पुणे

वरील सर्व भावनांचा आदर ठेवून एक वेगळे मत नोंदवतो. एलबी७ जड आहे, त्याला उघडायला दोन्ही हात लागतात आणि म्यानाशिवाय तो वागवता येत नाही. शिडीवर चढलेल्या माणसाचा एक हात गुंतलेला असतो, तेव्हा एका अंगठ्याने उघडणारे आजचे हलके चाकू निश्चितच अधिक सोयीचे आहेत. मी स्वतः विजेची कामे करतो आणि कामावर तसाच चाकू नेतो. एलबी७ घरी असतो. रविवारी तो काढून, पुसून, तेल घालून ठेवतो आणि पावसाळ्यानंतर बागेतली सुंभाची बांधणी कापायला तोच घेतो. जुना नग ओळखण्याविषयी अनेकजण विचारतात, त्यांनी पात्याच्या बुंध्याशी असलेला ठसा पाहावा; एलेनव्हिलच्या नगावर तेथे यू.एस.ए. असे असते. खोक्यावर विसंबू नये, कारण खोकी बदलली जातात.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कोल्हापूरकरांच्या सूचनेप्रमाणे आज भिंग घेऊन माझ्या चाकूची खाच पाहिली. दातामागे खरोखरच निळ्या सुताचा गच्च गोळा निघाला, आणि मिटताना गेली काही वर्षे जाणवणारा सैलपणा त्यामुळेच होता. खटक्याचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा आला आहे. अ‍ॅन आर्बरच्या ताईंना विनंती की, त्या नोंदणी-कार्डाचे छायाचित्र शक्य असल्यास येथे द्यावे.

एडिसन, न्यू जर्सी

नाशिकच्या मित्रांसाठी लिहितो. माझ्याकडचा दुसरा, न वापरलेला चाकू २००४ पासून फडक्यात गुंडाळून ठेवलेला आहे आणि माझ्या मुलींना त्याची आवड नाही. मी येत्या डिसेंबरात पुतणीच्या लग्नाला नाशिकला येणार आहे. आपली हरकत नसेल तर तो मोठ्या सामानातून, म्यान वेगळे करून, आपल्यासाठी आणतो. त्याच्यावर कारखान्याची पहिली धार अजून आहे, तिला मी हात लावलेला नाही. निसणा मात्र आपला तयार ठेवावा.