बारीक, चिकट भुकटी वाळवायला कंपनाचा ड्रायर हवाच का?

वाफारा (धागाकर्ता)

फ्लुइड बेड ड्रायरला (जाळीखालून गरम हवा सोडून माल उचलत वाळवणाऱ्या यंत्राला) कंपन द्यावं की नुसत्या हवेवर भागवावं, यावर कामाच्या ठिकाणी पुन्हा वाद झाला, म्हणून इथे मांडतोय. माझं मत असं की माल बारीक आणि ओला असेल तर कंपनाचा ड्रायर पहिल्यापासूनच घ्यावा. आधी साधा घ्यायचा आणि अडलं की कंपनाच्या मोटारी बसवायच्या, हा मार्ग चुकीचा आहे.

आमच्या साध्या ड्रायरच्या काचेतून जे दिसायचं ते सांगतो. ओला माल जाळीवर पडला की त्याची ढेकळं व्हायची. हवा दोन-तीन ठिकाणी भोकं पाडून सरळ वर निघून जायची, बाकीचा माल जागचा हलायचा नाही. थर २० सेंमीचा, सैल माल घनमीटरला ६०० किलो, म्हणजे दर चौरस मीटरवर १२० किलो. हवेने हे सगळं वजन पेललं तर थराच्या खाली आणि वर दाबात १२० मिमी पाण्याइतका फरक दिसायला हवा. दाब मोजणारा मॅनोमीटर ७० वर अडकलेला असायचा. कंपनाच्या यंत्रात तोच माल घातला तेव्हा काटा ११० च्या आसपास गेला आणि थर पहिल्यांदा पाण्यासारखा खळबळताना दिसला.

संशोधक गेल्डार्ट यांनी १९७३ साली भुकट्यांचे चार गट पाडले. त्यातला सी गट साधारण २०-३० मायक्रॉनखालच्या चिकट कणांचा. तिथे कणांची एकमेकांना असलेली ओढ हवेच्या जोरावर मात करते. ती ओढ हवा वाढवून तुटत नाही. हवा वाढवली की माल सायक्लोनमध्ये, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेतली धूळ वेगळी करणाऱ्या भांड्यात जातो.

देखभाल_विभाग

धागाकर्त्याने काचेतून आत पाहिलं, मी अशा यंत्राच्या खाली झोपून पाहिलंय. २५ हर्ट्झवर (सेकंदाला २५ वेळा) चालणारी ट्रफ, म्हणजे माल पुढे नेणारी लांब पन्हळ, दिवसाला २१ लाख ६० हजार वेळा हलते. आमच्याकडे मोटारीच्या बैठकीच्या वेल्डपासून तडा सुरू झाला. केसाएवढा होता. रंग उडाल्यामुळे लक्षात आला, नाहीतर चार दिवसांत पत्रा फाटला असता. हवेच्या नळाला जोडणारे लवचीक जोड तर फाटतातच, आणि तिथून बाहेर पडणारी बारीक धूळ पेट घेणारी असेल तर तो गंभीर धोका आहे.

आणखी एक. २५ हर्ट्झ आणि २ मिमी आयाम (मधल्या जागेपासून एका बाजूला हलण्याचं अंतर) म्हणजे गुरुत्वाच्या सुमारे ५ पट त्वरण. आयाम तोच ठेवून कोणी "जरा जोरात चालवू" म्हणत ५० हर्ट्झ केले तर ते २० पट होतं, दुप्पट नव्हे. चालवणाऱ्याला हे सांगणारं कोणी नसतं.

उष्णतेचा_हिशेब

माझा विरोध वेगळ्या मुद्द्यावर आहे. कंपनामुळे हवा कमी लागते, हे सगळेच सांगतात. पण पाणी उडवायला उष्णता लागते, आणि ती आणते हवाच. १ किलो पाण्याला अंदाजे २४०० किलोज्यूल. हवा ११० अंशांवर आत जाऊन ५० वर बाहेर पडली तर दर किलो हवा साधारण ६० किलोज्यूल देऊन जाते. म्हणजे १ किलो पाण्यामागे ४० किलो हवा. तुम्ही थर हलवा नाहीतर स्थिर ठेवा, हा आकडा बदलत नाही. हवा निम्मी केलीत तर पाणीही निम्मंच निघेल, नाहीतर आत येणारी हवा १७० अंशांवर न्यावी लागेल. नाजूक माल तेवढं सोसणार आहे का?

त्यापेक्षा ड्रायरच्या सुरुवातीला खोल, चांगला घुसळलेला कोरडा थर ठेवा आणि ओला माल त्यात शिंपडा. कोरड्या कणांत पडला की तो चिकटत नाही.

वाफारा

हिशेब बरोबर आहे, पण हवा ५० वर बाहेर पडते हे गृहीत कुठून आलं? भोकं पडलेल्या थरातून ती आमच्याकडे ७५ वर निघत होती. म्हणजे दर किलोला ३५ किलोज्यूलच मिळाले, आणि तुमची ४० किलो हवा जवळपास ६९ किलो झाली. मी जी हवा वाचवतो म्हणतोय ती हीच, मालाला न शिवता निघून जाणारी.

देखभालीचं दुखणं खरं आहे, ते मी नाकारत नाही.

रवाळ

दोघांनीही वाळण्याचा दुसरा टप्पा सोडून दिलाय. पृष्ठभागावरचं पाणी संपलं की उरलेलं कणाच्या पोटातून बाहेर यावं लागतं. तिथे कंपनाचा काही इलाज नाही. पाणी आतून झिरपत येत असेल तर कण दुप्पट जाड झाला की वेळ चौपट लागतो. तिथे हवाही फारशी नको, लागतो तो वेळ. म्हणून कमी हवेत थर हलता ठेवणारं कंपन तिथे शोभतं, पण त्याने वाळण्याचा वेग वाढतो असं म्हणू नका.

घुसळलेल्या थराबद्दल मात्र माझा आक्षेप आहे. त्यात आत्ता पडलेला कण लगेच बाहेरही जाऊ शकतो. सरासरी ओलावा बरोबर येतो आणि पोत्यात ओले दाणे सापडतात. कंपनाच्या उथळ ट्रफमध्ये माल बऱ्यापैकी रांगेने पुढे सरकतो. मी दाणेदार मालावर काम करतो, मला ती रांग हवी असते. थर जाड केलात तर कंपन वरपर्यंत पोचत नाही, एवढं सांभाळा.

उष्णतेचा_हिशेब

रांगेचा मुद्दा मान्य. पण मग घुसळलेला भाग आधी आणि रांगेचा भाग नंतर अशी जोडणी करा. ७५ अंशांचं म्हणाल तर तो जाळीचा दोषही असू शकतो. जाळीचा स्वतःचा दाबरोध कमी असला की हवा वाट मिळेल तिकडे पळते. आधी जाळी बदलून बघितली होती का?

वाफारा

बघितली. बारीक भोकांची जाळी टाकली, कोरड्या मालात फरक पडला. ओला माल पडायचा त्या पहिल्या मीटरभरात काही फरक नाही.

देखभाल_विभाग

मग तेवढ्या मीटरभरालाच कंपन द्या ना. एकाच ट्रफच्या अर्ध्या भागाला कंपन देता येत नाही, हे मला माहीत आहे. छोटं कंपनाचं यंत्र वेगळं आणि त्याच्यापुढे स्थिर ड्रायर. आखूड सांगाडा ताठ राहतो, मोटारी लहान लागतात, आणि दर आठवड्याला वेल्ड तपासायला मला अर्धा तास पुरतो. सहा मीटरच्या ट्रफखाली मी पुन्हा जाणार नाही.

रवाळ

माझ्या मालाला ती सहा मीटरची रांगच लागते. तुमच्या बारीक भुकटीला नसेल लागत.