अनुभव धागा: पोरांच्या हाताला काय काय दिलंत?

तीनहातनाका
माळा आवरताना चिंचोक्यांची बरणी सापडली आणि सगळं आठवलं, म्हणून धागा. घरच्या सामानातले, हाताने करायचे खेळ लिहा. मापासकट, आणि कुठे फसतं तेही.
सुरुवात माझी. 4 चिंचोके एका बाजूने खरखरीत फरशीवर पांढरं दिसेपर्यंत घासा, झाले फासे. जितके पांढरे वर तितकं दान, चारही काळे पडले तर 8. पट खडूने जमिनीवर. लहान मुलं सोंगटी उभी आहे त्याच घराला "एक" म्हणतात. तिथे थांबून पुढच्या घरापासून मोजायला लावा. बोटांवर बेरीज करतानाही हीच चूक होते.

नेरूळची_मावशी
घासून झाल्याझाल्या चिंचोका गालाला लावून बघू द्या! घर्षणाने उष्णता येते हे वेगळं शिकवावं लागत नाही.

घोडबंदरकर
3 वर्षांखालच्यांना चिंचोके देऊ नका. टिश्यूच्या रिकाम्या नळकांड्यातून जी वस्तू आरपार जाते ती त्यांच्या घशात अडकू शकते. आणि बियांच्या खेळात गुंजा अजिबात नकोत, विषारी असतात.

पिठाचा_गोळा
मैदा 2 वाट्या, बारीक मीठ 1 वाटी, पाणी 2 वाट्या, तेल 2 मोठे चमचे, लिंबूरस 2 चमचे. सगळं थंड असतानाच कालवा, मग मंद आचेवर गोळा कढई सोडेपर्यंत ढवळा. गार झाल्यावर तेलाच्या हाताने मळा. रंगाला हळद चालते, कपड्यांवर मात्र डाग राहतो.

ऐरोली_सेक्टर८
ताई, जुलैत याला पाणी सुटतं, काय करायचं?

पिठाचा_गोळा
मीठ हवेतला ओलावा ओढतं म्हणून. परत कढईत 2-3 मिनिटं परता, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा. बुरशी दिसली तर सरळ टाका. घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर, इतकं मीठ त्याच्या पोटात जाणं धोक्याचं.

काडी_काडी
सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब (व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी) आणि आगकाड्या. टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांचं हे काम पुष्कळांना माहीत असेल. ट्यूबचे 2 सेंमीचे तुकडे करा. काड्यांचा गूल मोठ्यांनीच खरवडून काढायचा. तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी सारली की सांधा तयार. तिसरी हवी तर तुकड्याच्या मधोमध जाड सुईने आरपार भोक पाडा, सुई काढल्याबरोबर टोक केलेली काडी घुसवा. उशीर केलात तर रबर मिटतं. मेणाच्या काड्या नकोत, वाकतात.
आता चौकोन करून कोपरा दाबा: लगेच तिरका होतो. त्रिकोण हलत नाही. चौकोनात एक तिरकी काडी टाकली की तोही ताठ. मग तिरक्या लोखंडी पट्ट्यांचा एखादा रेल्वेपूल दाखवायला न्या, आपण काही बोलायचं नाही, मुलंच त्रिकोण शोधतात.

ऐरोली_सेक्टर८
ट्यूब कुठे मिळते? आमच्याकडे कुणी ठेवत नाही.

काडी_काडी
पंक्चर काढणाऱ्या जुन्या सायकलवाल्याकडे विचारा. मीटरभर पुरते. जुनी घेऊ नका, तडकते.

घोडबंदरकर
ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजूला बघा. शनिवारी संध्याकाळी नको, गाडी लावायला जागा नसते.

नेरूळची_मावशी
5-6 वर्षांच्या बोटांना ती ट्यूब जड जाते. रात्रभर भिजवलेले काबुली चणे आणि टूथपिक द्या. चणा सुकला की काडी घट्ट धरतो, दुसऱ्या दिवशी मनोरा जास्त मजबूत. कमी भिजले तर फुटतात. टोकं बोचतात म्हणून शेजारी बसा.

बोर्डीची_गाडी
ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला गेल्या. तेव्हा तो आपलाच ठाणे जिल्हा. दगड, पानं, बिया, जे आसपास मिळेल तेच त्यांचं शैक्षणिक साहित्य.

तीनहातनाका
हे फार बरं लिहिलंत. कुकर झाला, रात्री येते. वाळू आणि पाण्याचे खेळ राहिलेत. फ्लॅटमध्ये कसे करता? बाल्कनीतून खाली गळतं म्हणतात.

पिठाचा_गोळा
न्हाणीघरात, परात आणि 2 लिटरच पाणी. पाणी तसूभर असलं तरी लहान मुलाला एकटं सोडून बेल वाजली तरी दार उघडायला जायचं नाही.