शब्दचर्चा : मॉरिशसच्या इतिहासात 'वसाहत' कोणती आणि 'पारतंत्र्य' कोणाचं?

पाटीपेन्सिल :
आमच्या मंडळात 12 मार्चला मॉरिशसच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त मुलांसाठी भित्तीपत्रक करतोय. मी वाक्य लिहिलं : "डचांनी मॉरिशस जिंकून तिथे वसाहत केली आणि 1968 साली मॉरिशस पारतंत्र्यातून मुक्त झाले." एका सभासदांचं म्हणणं की यात 'जिंकून' चूक आहे, 'पारतंत्र्य'ही शंकास्पद आहे. 'वसाहत'ऐवजी 'उपनिवेश' लिहा असंही सुचवलं आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

दौतटाक :
'जिंकून' नक्कीच काढा. 1598 मध्ये डच तिथे उतरले तेव्हा बेटावर माणसांची वस्तीच नव्हती. कोणाकडून जिंकणार? त्यांनी आपल्या राजपुत्राचं, माउरित्सचं, नाव बेटाला दिलं आणि पुढे निघून गेले. वस्ती केली ती 1638 मध्ये. मधे एकदा सोडली, 1664 मध्ये परत आले, आणि 1710 मध्ये कायमचे गेले. तेवढ्यात डोडो पक्षी संपला आणि ऊस आला. पुढच्या तीन शतकांचा इतिहास त्या उसानेच घडवला, म्हणून भित्तीपत्रकात त्याला जागा द्याच.

'वसाहत' हा शब्द 'वसणे'वरून आलेला, आपल्या मातीतला आहे. पेठ वसवायची, पडीक गावात कुळं आणून बसवायची, सुरुवातीला सारा हलका ठेवून इस्ताव्याने, म्हणजे वर्षागणिक थोडाथोडा, चढवत न्यायचा, ही जुनी पद्धत आपल्याला ठाऊक आहे. आजही आपण कामगार वसाहत, औद्योगिक वसाहत म्हणतो. म्हणजे मुळात अर्थ रिकाम्या जागी माणसं आणून वस्ती करणं. परक्यांची राजकीय सत्ता हा अर्थ त्याला नंतर चिकटला. हिंदुस्थानाला आपण इंग्रजांची वसाहत म्हणतो, पण इंग्रज इथे वसले नाहीत, त्यांनी राज्य केलं. मॉरिशसला मात्र मूळ अर्थ अगदी अचूक लागू पडतो. 'उपनिवेश' हिंदीत रुळलेला आहे, मराठी मुलांना तो कोशात शोधावा लागेल. 'वसाहत'च ठेवा.

सागरगोटा :
दौतटाक यांच्याशी सहमत, पण एक भर घालते. वसाहत आणि अंमल हे दोन शब्द वेगळे ठेवलेत तर हा इतिहास सहज उलगडतो. फ्रेंचांनी 1715 मध्ये बेटाचा ताबा घेतला आणि त्याला 'इल द फ्रान्स' म्हटलं. 1735 पासून माहे द ला बूर्दोने या गव्हर्नराने पोर्ट लुई बंदर उभारलं. मादागास्कर आणि मोझांबिककडून गुलाम आणले गेले. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं, 1814 च्या पॅरिस तहाने ते त्यांच्याकडे कायम झालं. पण शरणागतीच्या अटींतच होतं की तिथल्या फ्रेंच मालकांची मालमत्ता, कायदे, धर्म, चालीरीती तशाच राहतील. म्हणजे अंमल इंग्रजांचा, वसाहत फ्रेंचांची! मळेवाले तेच राहिले, निशाण तेवढं बदललं. हे एकाच शब्दात कोंबलं तर मुलांना कधीच कळणार नाही की इंग्रजांचं राज्य असलेल्या देशात लोक फ्रेंच का बोलतात.

पाटीपेन्सिल :
फार उपयोगी. आता मजुरांबद्दल. 'गिरमिटिया' लिहिलं तर चालेल?

दौतटाक :
अर्थ चूक नाही, पण मराठी मुलाला 'गिरमिट' म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार. मजुरांच्या तोंडी 'ॲग्रीमेंट'चं झालेलं 'गिरमिट' हा वेगळाच शब्द आहे. शिवाय तो जास्त करून फिजी आणि दक्षिण आफ्रिकेच्या संदर्भात येतो. सरळ 'करारबद्ध मजूर' लिहा. 'कुली' मात्र लिहू नका. आपल्याकडे तो स्टेशनवरचा हमाल असेल, तिथे ती शिवी म्हणून वापरली गेली.

1 फेब्रुवारी 1835 ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. तिच्या तोंडावर, 2 नोव्हेंबर 1834 ला, 'ॲटलस' जहाजाने मजूर आणले. पुढच्या काही दशकांत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. मुंबईहून गेलेल्यांत आपली मराठी माणसंही होती. त्यांच्यामुळेच आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापत. अशा कराराला 'करार' म्हणताना माझी लेखणी अडखळते, पण 'गुलाम' लिहिलं तर ज्यांना खरोखर विकलं गेलं त्यांचं दुःख पुसलं जातं. दोन्ही शब्द आपापल्या जागी हवेत.

कोरांटी :
'आप्रवासी घाट' हे नाव छापताना काळजी घ्या. आमच्या मुद्रितशोधकाने ते चूक समजून 'प्रवासी घाट' केलं होतं. आप्रवासी म्हणजे बाहेरून येऊन राहिलेला. आणि घाट म्हणजे वरंध्यासारखा डोंगरातला नव्हे, जहाजातून उतरायच्या पायऱ्यांचा. पोर्ट लुईमधली ही जागा 2006 पासून जागतिक वारसा आहे. पूर्वी तिला 'कुली घाट' म्हणत.

सागरगोटा :
'पारतंत्र्या'बद्दल माझं मत : शब्द चूक नाही, पण एकसुरी आहे. 1948 च्या आधी मालमत्ता आणि उत्पन्नाच्या अटींमुळे बहुतेक मजुरांना मतच नव्हतं. मग साध्या साक्षरतेची अट आली, भारतीय भाषेतली साक्षरताही चालू लागली, आणि गावोगावच्या 'बैठकां'त (तिथे भारतीय लोकांच्या एकत्र जमण्याच्या, शिकण्याच्या जागेला बैठक म्हणतात) लोक मतासाठी अक्षरं गिरवू लागले. माझ्या लेखी मॉरिशसच्या स्वातंत्र्याची खरी सुरुवात तिथे आहे. 1959 मध्ये प्रौढ मतदान आलं. 1967 च्या निवडणुकीत शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाखालची आघाडी जिंकली, पण 40 टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली. म्हणून 'सारा देश मुक्त झाला' असं लिहू नका. "12 मार्च 1968 रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले" एवढं पुरे. ब्रिटनची राणी 1992 पर्यंत राष्ट्रप्रमुख होती, तेव्हा 'प्रजासत्ताक' हा शब्द 1968 ला लावू नका. तो 12 मार्च 1992 चा आहे.

पाटीपेन्सिल :
शेवटची शंका. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरच्या लोकांना 'विस्थापित' म्हणू का?

दौतटाक :
स्वातंत्र्य देण्याआधी, 1965 मध्ये, ब्रिटनने ती बेटं मॉरिशसपासून तोडली. तिथल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हायचा होता. 1973 पर्यंत सगळ्या रहिवाशांना बाहेर काढलं. 'विस्थापित' म्हटलं की आपल्याला धरणग्रस्त आठवतात, निदान कागदावर तरी पुनर्वसन असलेले. 'हद्दपार' गुन्हेगाराला करतात, आणि यांचा गुन्हा काहीच नव्हता. 'हुसकावून लावलेले' लिहा. लांब आहे, पण भित्तीपत्रकात तेवढी जागा काढा.