पान्हा इतक्या जोरात येतो की बाळाला ठसका लागतो

रावपुऱ्याची सून: मुलगा सात आठवड्यांचा. पाजायला घेतला की दोन-चार घोट शांत, मग एकदम पान्हा फुटतो आणि ह्याला ठसका. तोंड सोडून किंचाळतो, तोवर धार त्याच्या कानात, एकदा तर माझ्या चष्म्यावर. शी हिरवी, फेसाळ. वजन मात्र छान वाढतंय, दिवसाला सात-आठ लंगोट ओले. सासूबाई म्हणतात, दूध बाधतंय. आणि त्याच दमात हळिवाचा लाडू पुढे करतात! सव्वा महिन्यानंतर काल पहिल्यांदा खंडेराव मार्केटात गेले, तिथे कुणाचं तरी तान्हं रडलं आणि माझा कुर्ता भिजला. भाजीची पिशवी छातीशी धरून रिक्षा गाठली.

थोरलीची आई: अगं, पाठीशी उशा लावून मागे रेल आणि बाळाला पोटावर पालथं घेऊन पाज. दूध वर ओढावं लागतं, धार मंदावते. छातीत मुंग्या आल्यासारखं झालं की त्याला क्षणभर बाजूला कर, पहिला जोर जुन्या धोतराच्या फडक्यात जाऊ दे, मग परत लाव. पिळून रिकामं करत बसू नकोस. मी वाट्या भरभरून काढलं, तर दूध आणखीच वाढलं. बाजारात हाताची घडी घालून तळव्याने दाबून धरायचं. कुणाला कळतसुद्धा नाही.

निवृत्त सिस्टर, दांडिया बाजार: रडणं कानावर पडलं तरी मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, दुधाच्या ग्रंथींभोवतीचे स्नायू आवळतात, म्हणून दोन्हीकडून एकदम येतं. सुरुवातीचं दूध पातळ असतं. पोट त्यानेच भरलं तर शी अशी होऊ शकते. एक बाजू त्याने आपणहून सोडेपर्यंत दुसरी देऊ नका. पण तासन्‌तास एकीकडेच पाजायचा प्रयोग मनाने करू नका, दुसरीकडे गाठी धरतात. शीत रक्त दिसलं, वजन थांबलं किंवा तुम्हाला ताप येऊन छाती लाल झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि दूध बाधत नाहीये, सासूबाईंना माझं नाव सांगा.

रावपुऱ्याची सून: रात्री रेलून पाजलं. ठसका एकदाच लागला, मग माझ्या अंगावरच झोपला. उठवायचा धीर होईना, मान अवघडली. सिस्टर, तुमचं नाव सांगितलं. लाडवांचा डबा सध्या सासऱ्यांकडे आहे.