'लिंगभेद' लिहू की 'स्त्री-पुरुष फरक'?

देवगडात बचतगटाच्या बायकांपुढे बोलायचंय, एकाच आजारात बाईच्या आणि पुरुषाच्या शरीरात रेणूंच्या पातळीवर होणारे बदल वेगळे का असतात यावर. फलकावर 'आजारातील रेणवीय लिंगभेद' लिहिलं तर चालेल का?

» ताई, लिंगभेद नको हो. तो शब्द मजुरी, शिक्षण, वारसाहक्क यातल्या अन्यायासाठी रुळलाय, बायका वाचल्यावाचल्या तिकडेच जातील. लिंगभाव पण नको, त्यात समाज कसं वागवतो ते येतं, आणि तुमचा विषय गुणसूत्रं-संप्रेरकांचा. सरळ 'स्त्री-पुरुष फरक' लिहा. रेणवीय छापायला ठीक, बोलताना 'पेशीच्या आत काय बदलतं' म्हणा.

» उदाहरण ल्युपसचं द्या, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर हल्ला करते त्या आजाराचं. दहा रुग्णांत साधारण नऊ बायका. बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं, त्यातलं एक बंद होतं हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं, पण ते पूर्ण बंद नसतं, दार लोटलेलं पण कडी न लावलेली तसं, काही जनुकं चालूच राहतात, त्यातलंच टीएलआर७, विषाणूचा आरएनए ओळखून प्रतिकारशक्तीला जागं करणारं. काही पेशींत ते दोन्ही एक्सवरून चालू राहतं आणि मग ती शक्ती आपल्याच अंगावर उलटायचा धोका वाढतो. म्हणून पुस्तकी 'निष्क्रिय' मला पटत नाही, 'बरंचसं बंद' म्हणा.

» ट्रोपोनिन पण सांगाच, हार्ट अ‍ॅटॅकचा संशय आला की करतात ती रक्ततपासणी. एका हाय सेन्सिटिव्हिटी किटमध्ये वरची मर्यादा पुरुषांना ३४ आणि बायकांना १६ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे, म्हणजे २० आलं तर पुरुषाचं नॉर्मल, बाईचं वाढलेलं. किटप्रमाणे आकडे बदलतात, म्हणून रिपोर्टवर आकड्याच्या शेजारी जी रेंज छापतात ती बाईसाठीची आहे का हे डॉक्टरांना विचारायला शिकवा. माझ्या मते तुमच्या बोलण्यातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

» मालवणीत सांगूचा झाला तर, 'दुखणा एकच, पण बापयांच्या नि बायलांच्या आंगात येगळा घडता'. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांका ह्या लगेच कळात.

» आभार सगळ्यांचे. 'एकच आजार, बाईच्या आणि पुरुषाच्या पेशीत वेगळे बदल' असं ठेवते, खाली मालवणी ओळ.

» छान. फक्त ल्युपसला 'बायकांचा आजार' म्हणू नका, पुरुषांनाही होतो, आणि असं नाव पडलं की त्यांचं निदान उशिरा होतं.