व्हॅलेन्सियाच्या डिझाईन फेअरमध्ये काय बघू?

प्रश्न: सप्टेंबरअखेर व्हॅलेन्सियात असणारे, तेव्हाच हाबितात फेअर आहे. हाताने बनवलेल्या घरातल्या वस्तू बघायच्यात, सुरुवात कुठून करू?

उत्तर १: फर्निचर बघच पण मेट्रोने शेजारच्या मानिसेस गावालाही जा गं, तिथे लस्टरची, म्हणजे धातूसारखी चमकणारी मातीची भांडी मध्ययुगापासून बनतात, तिसऱ्या भाजणीत तांबं-चांदी लावून भट्टीत हवा कमी करतात आणि मग ती सोनेरी झाक येते, सोनं नसतंच त्यात!

उत्तर २: नानीमार्किनाचे गालिचे दिसले तर हात फिरवून बघ. १९८७ची बार्सिलोनाची कंपनी, पण कितीतरी गालिचे भारतातल्या कारागिरांनी विणलेले. मला तर भरूनच आलं.

उत्तर ३: बोतिखो, म्हणजे पाण्याचं स्पॅनिश मातीचं भांडं, नक्की घे, आपल्या माठासारखंच, पाणी पाझरून गार होतं.

प्रश्न विचारणारी: मानिसेस पक्कं! बोतिखो हातातल्या बॅगेतच आणते.